भाडेकरू मालक झाला. पण धडा अर्धाच शिकला

मुंबई कोठे संपते, असे पश्चिम रेल्वेने रोज जा-ये करणाऱ्या कारकुनाला विचारले, तर तो क्षणाचाही विचार न करता सांगेल : दहिसरला. विरारकडे जाणारी लोकल दहिसरचा फलाट सोडते आणि महापालिकेची हद्द ओलांडून ठाणे जिल्ह्यात शिरते. महामार्गावरही हीच सीमा. १९६५ साली महापालिकेने जकात बसविली, तेव्हापासून १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन ती रद्द होईपर्यंत, दहिसरच्या नाक्यावर मालमोटारींच्या रांगा लागत. मुंबईच्या तिजोरीत पैसा येण्याची ती एक मोठी वाट होती.

परंतु या वेशीवर मालमोटारींखेरीज आणखीही काही येऊन थांबले. गिरगाव, दादर, परळ येथील दोन खोल्यांची बिऱ्हाडे सोडून निघालेला मराठी नोकरदार, ‘मुंबईतच राहायचे, पण स्वतःच्या घरात’ असा निश्चय करून, खिशाला परवडेल त्या शेवटच्या स्टेशनवर उतरला. १९५७ पर्यंत दहिसर महापालिकेच्या हद्दीत नव्हते. १९५० साली ही हद्द पश्चिमेकडे जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेकडे भांडुपपर्यंत नेण्यात आली. दहिसर आणि मुलुंड यांचा समावेश व्हायला आणखी सात वर्षे लागली. तुळशी तलावाकडून जंगलातून वाहत येणारी नदी, भातखाचरे, खाडीकडची दलदल, जुने गावठाण आणि मंडपेश्वरची प्राचीन लेणी, असे या परिसराचे रूप होते. नदीकाठ इतका रम्य होता की चित्रपटांची चित्रीकरणे तेथे होत.

या गावाचे दाट वस्तीचे उपनगर बनले, हा केवळ नगररचनेचा इतिहास नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात मराठी मध्यमवर्गाच्या अर्थविचारात जो सर्वांत मोठा पालट झाला, तो कारखान्यात किंवा शेअरबाजारात झाला नाही. तो घराच्या उंबरठ्यावर झाला. भाव स्थिर राहावेत म्हणून झगडणारा वर्ग भाव चढण्याची वाट पाहू लागला. या पालटाचा हिशेब मांडण्यास दहिसरसारखी जागा दुसरी नाही.

युद्धाची तीन अपत्ये

युद्धाने मुंबईच्या नोकरदाराला तीन गोष्टी दिल्या : शिधापत्रिका, महागाई भत्ता आणि गोठविलेले घरभाडे. १९४३ साली शहरात रेशनिंग सुरू झाले. त्यासाठी उघडलेल्या कचेऱ्यांनी अनेक मध्यमवर्गीय तरुणांना, आणि काही तरुणींनाही, आयुष्यातील पहिली नोकरी दिली. धान्यावरील नियंत्रणे रफी अहमद किडवाई यांच्या कारकिर्दीत १९५४ साली बव्हंशी उठली, तरी शिधापत्रिका कपाटात राहिलीच. महागाई भत्ता हाही युद्धकाळातील तात्पुरता उपाय. तो तर वेतनाचा कायमचा भाग होऊन बसला.

तिसरे अपत्य सर्वांत दीर्घायुषी ठरले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकले. कायदा मुदतीचा होता. पण मुदत संपत आली की ती वाढविली जाई, आणि असे अर्धशतक चालले. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत असता आणि घरांचा तुटवडा भीषण असता भाडेकरूला संरक्षण देणे आवश्यकच होते, हे मान्य करावयास हवे. तथापि जे आपत्काळात औषध असते ते नित्याचे अन्न झाले म्हणजे प्रकृती बिघडते. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानेही प्रमाण भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे मत दिले.

या तिन्ही गोष्टींतून एक विशिष्ट मनोवृत्ती घडली. धान्याचा भाव सरकारने ठरवावा, भाव वाढला तर भत्ता वाढावा, आणि घरभाडे मात्र जन्मभर तेच राहावे, हे नोकरदाराला निसर्गनियमासारखे वाटू लागले. किंमत ही बाजारात मागणी-पुरवठ्याने ठरणारी गोष्ट असून तिच्या चढउताराशी आपलाही काही संबंध आहे, याची जाणीव त्याला सहसा होत नसे. व्यापार हा ‘त्यांचा’ प्रांत, नोकरी हा ‘आपला’, अशी वाटणी घराघरांत पक्की झाली. अपवाद नव्हते असे नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी करणारे लक्ष्मणराव, १९३१ साली शाईच्या धंद्यातून ‘कॅम्लिन’चा पाया घालणारे दांडेकर बंधू, १९५२ साली परळला ‘विको’ सुरू करणारे पेंढरकर ही नावे अभिमानाने घेतली जात. परंतु मुलाने त्यांचा कित्ता गिरवावा असे किती पालकांना मनापासून वाटे? मुलगा बँकेत चिकटला, की घरावरचे संकट टळले.

चाळीतून ब्लॉकात

भाडे गोठले आणि घरमालकाने दोन गोष्टी केल्या. त्याने भाड्याने देण्यासाठी नव्या इमारती बांधणे सोडले आणि जुन्या इमारतींची डागडुजी थांबविली. जुन्या इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ साली सरकारला कायदा करून दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले आणि त्यासाठी उपकर बसवावा लागला. नव्याने जागा शोधणाऱ्याला पागडीवाचून खोली मिळेना. कायद्याने पागडी हा गुन्हा होता. व्यवहारात मात्र तीच खरी किंमत होती, आणि १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने अखेर तिला मान्यता दिली. कायदा पाळणारा, पापभीरू म्हणविणारा मध्यमवर्ग काळ्या पैशाचे पहिले पाठ येथे, घराच्या दारातच, शिकला. ही गोष्ट फारशी कोणी बोलून दाखविली नाही, एवढेच.

चाळीवर या समाजाचे प्रेम होते. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली पुस्तकरूपाने आली, आणि जो वाचक ती वाचून पोट धरून हसला तो बहुधा स्वतः चाळीतच राहत होता. पण १९७० सालच्या ‘मुंबईचा जावई’ या चित्रपटात नवविवाहित जोडप्याला घरात एकांत मिळत नाही हाच कथेचा गाभा झाला; आणि १९७७ च्या ‘घरौंदा’त स्वतःच्या जागेचे स्वप्न पाहणाऱ्या नोकरदार जोडप्याला बांधकामवाला फसवितो. पुस्तकापासून या दुसऱ्या चित्रपटापर्यंतच्या दोन दशकांतच आकांक्षेचा केंद्रबिंदू सामायिक गॅलरीतून बंद दाराच्या ब्लॉकात सरकला.

त्या ब्लॉकाला कायद्याची चौकट दिली ती १९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्याने. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी बिल्डरने लेखी करार करावा, जमिनीची मालकी उघड करावी, खरेदीदारांची सहकारी संस्था स्थापावी आणि जमीन-इमारत त्या संस्थेच्या नावे करून द्यावी, असा हा कायदा आहे. सहकारी घरबांधणी मुंबईला नवी नव्हती. गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ सालची. नवे होते ते तिचे प्रमाण. बँक कर्मचारी, आयुर्विमा महामंडळाचे कर्मचारी, शिक्षक, पालिकेचे कर्मचारी यांनी एकत्र येऊन उपनगरांत जमिनी शोधल्या. ज्यांना ते जमले नाही त्यांनी बिल्डरकडून जागा घेतल्या. विलेपार्ले महाग झाले तेव्हा गोरेगाव, गोरेगाव महाग झाले तेव्हा बोरिवली, आणि बोरिवलीही हाताबाहेर गेली तेव्हा दहिसर, असा हा प्रवास होता.

जनगणनेचे आकडे हीच कथा सांगतात. १९५१ साली बृहन्मुंबईच्या सुमारे ३० लाख वस्तीपैकी २३ लाख लोक मूळ बेटावर राहत होते. २०११ साली एकूण वस्ती १ कोटी २४ लाख झाली, तेव्हा बेटावर होते अवघे ३१ लाख. बाकी सारी मुंबई उपनगरांत होती.

कर्जाची लाज गेली

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही ज्या घराची शिकवण होती त्या घरात कर्ज हा शब्द दबक्या आवाजात उच्चारला जाई. कर्ज म्हणजे आजारपण, कर्ज म्हणजे मुलीचे लग्न, कर्ज म्हणजे सावकार. ब्लॉकाने हा संकेत मोडला. प्रॉव्हिडंट फंडातून घरासाठी रक्कम काढण्याची सोय होती. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर बँकांच्या शाखा आणि त्यांबरोबर बँकेतील नोकऱ्याही वाढल्या, आणि या नोकरदारांना घरासाठी सवलतीचे कर्ज मिळू लागले. १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी एच.डी.एफ.सी. ही केवळ गृहकर्ज देणारी संस्था स्थापिली. तिचे पहिले कर्ज ३० हजार रुपयांचे होते, आणि ते दहिसरपासून तीन स्टेशने अलीकडच्या मालाडला गेले.

कर्जाच्या हप्त्याने घरातील आणखी एक गणित बदलले. एका पगारात हप्ता आणि घरखर्च दोन्ही भागेनात. लग्नानंतर नोकरी सोडावी अशी ज्या सुनेकडून एरवी अपेक्षा झाली असती, तिची नोकरी आता घराच्या पायाचा दगड झाली. स्त्रीच्या अर्थार्जनाला मिळालेली ही मान्यता सुधारकांच्या व्याख्यानांपेक्षा हप्त्याच्या तारखेने अधिक वेगाने मिळवून दिली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १९९२ साली पश्चिम रेल्वेने चर्चगेट-बोरिवली मार्गावर केवळ स्त्रियांसाठी लोकल सोडली, ती या बदलाची सरकारदरबारी झालेली नोंदच होय. सहीच्या हक्काचे मात्र तसे झाले नाही. दोघांच्या पगारातून घेतलेली जागा एकाच्याच नावावर असणे, हे पुष्कळ काळपर्यंत कोणालाच वावगे वाटले नाही.

अर्धा धडा

नोकरदार मालक झाला आणि सोसायटीचा सभासदही झाला. सोसायटी ही या वर्गाची पहिली व्यापारी शाळा होती. आयुष्यभर दुसऱ्याच्या खतावण्या लिहिणारा माणूस येथे प्रथमच स्वतःच्या मालमत्तेचा ताळेबंद वाचू लागला. गणसंख्या, ठराव, निविदा, लेखापरीक्षण हे शब्द जिन्यात ऐकू येऊ लागले. तळमजल्याच्या गाळ्यातील दुकानदार आणि तिसऱ्या मजल्यावरचा शिक्षक एकाच सभेत, एका मताच्या अधिकाराने बसू लागले. ‘त्यांचा’ आणि ‘आपला’ प्रांत ही जुनी वाटणी तेथे थोडी तरी पुसट झाली.

परंतु या शाळेत धडा अर्धाच शिकला गेला. किंमत चढते, हे नव्या मालकाने चटकन आत्मसात केले; वस्तू झिजते, हे मात्र तो विसरला. व्यापाराच्या हिशेबात घसाऱ्याला फार मोठे स्थान आहे. कारखानदार यंत्र घेतो त्याच दिवशी ते कधीतरी मोडीत जाणार हे गृहीत धरून दरवर्षी रक्कम बाजूला टाकतो. सोसायटीच्या आदर्श उपविधींतही सिंकिंग फंडाची तरतूद आहे : बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी. या किमान दराने चाळीस वर्षे पैसे टाकले तर मूळ बांधकाम खर्चाच्या केवळ दहा टक्के रक्कम जमते. त्यावर व्याज धरले तरी, वाढत गेलेल्या बांधकाम खर्चापुढे ती तोकडीच पडते. कायद्याने ‘किमान’ म्हटले होते; अनेक सोसायट्यांनी ते ‘कमाल’ समजून घेतले. ज्या सेक्रेटरीने मासिक वर्गणी वाढविण्याचा ठराव मांडला तो पुढच्या निवडणुकीत पडला. ज्याने ती वाढू दिली नाही तो वर्षानुवर्षे निवडून आला. भाडे गोठावे अशी इच्छा करणाऱ्या भाडेकरूचे मन, मालक झाल्यावरही, वर्गणी गोठविण्यात रमले. घरमालकाला ज्या हलगर्जीपणाबद्दल त्याने शिव्या दिल्या होत्या, तोच आता त्याने स्वतःच्या मालमत्तेच्या बाबतीत केला.

दुसरी उणीव कागदाची. सोसायटी स्थापन झाल्यापासून चार महिन्यांत जमीन व इमारत तिच्या नावे करून द्यावी, असा नियम होता. पुष्कळ बिल्डरांनी तो पाळला नाही आणि पुष्कळ सोसायट्यांनी पाठपुरावा केला नाही. कपाटात शेअर सर्टिफिकेट आहे, एवढ्यावर सभासद निश्चिंत राहिले. पायाखालची जमीन कागदोपत्री दुसऱ्याचीच राहिली. शेवटी २००८ साली कायद्यात दुरुस्ती करून, बिल्डरच्या सहीवाचून सरकारी अधिकाऱ्यामार्फत जमीन सोसायटीच्या नावे करण्याची, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणाची, सोय करावी लागली.

तिसरी उणीव कुंपणाची. मालकीची भावना आवाराच्या भिंतीशी थांबली. चाळीतल्या माणसाला गॅलरी, नळ आणि अंगण सामायिक होते. त्यावरून तो भांडे, पण ती आपली आहेत हे त्याला ठाऊक होते. ब्लॉकातल्या माणसाला भिंतीपलीकडचे काहीच आपले वाटेना. तुळशीकडून स्वच्छ येणारी दहिसर नदी वस्तीत शिरताच सांडपाण्याचा नाला होऊ लागली. गोठे, कारखाने, झोपड्या आणि इमारती या साऱ्यांनीच तिच्यात भर घातली. २६ जुलै २००५ च्या प्रलयात काठच्या वस्तीला तिने आपल्या अस्तित्वाची आठवण करून दिली. अलीकडे काही नागरिक नदीसाठी उभे राहू लागले आहेत, हे सुचिन्ह आहे. पण ज्या पिढीने तिच्या काठी मालकी मिळविली तिच्या जमाखर्चात नदीचे खाते नव्हते.

चढत्या भावाचा भ्रम

आता मूळ मुद्द्याकडे यावे लागेल. भाव चढला म्हणजे आपण श्रीमंत झालो, ही मालकाची समजूत कितपत खरी आहे? समजा, एका निवृत्त शिक्षकाचा ब्लॉक आज एक कोटी रुपयांचा झाला. तो विकून त्याला त्याच परिसरात तसाच ब्लॉक घ्यावयाचा तर एक कोटीच मोजावे लागतील. मिळालेला नफा ज्या हाताने आला त्याच हाताने गेला. हा नफा हाती उरण्याचा मार्ग एकच : मुंबई सोडणे. दरम्यान त्याच्या मुलाला स्वतंत्र संसार थाटावयाचा तर त्यालाही तेच एक कोटी मोजावे लागणार. पित्याच्या कागदावरचा नफा हा पुत्राच्या खात्यावरचा तोटा होय. म्हणून पिता दहिसरला, आणि मुलगा हद्दीपलीकडे मीरा रोडला, नालासोपाऱ्याला किंवा विरारला, अशी घरे विभागली गेली. गिरगावातून दहिसरला येताना एक पिढी जशी सरकली, तशीच पुढची पिढी दहिसरवरून सरकली. फरक एवढाच की या वेळी तिला ढकलणारा घरमालक परका नव्हता.

हे म्हणजे मालकी वाईट, असे नव्हे. डोक्यावरचे छप्पर कोणी काढून घेणार नाही, या निर्धास्तपणाची किंमत पैशात होत नाही. त्यावर मुले शिकली, स्त्रिया बाहेर पडल्या, वृद्धांना आधार मिळाला. दोष आहे तो घराला केवळ भावाने मोजण्यात.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत बांधलेल्या इमारती आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. दहिसरमध्ये विमानतळ प्राधिकरणाच्या संदेशग्रहण केंद्रामुळे आसपासच्या इमारतींच्या उंचीवर बंधने आली आणि पुष्कळांचा पुनर्विकास वर्षानुवर्षे रखडला. दुसरीकडे २०२२-२३ मध्ये मेट्रो सुरू झाली आणि बिल्डरांची पावले इकडे अधिक वळू लागली. २०१९ च्या सरकारी निर्देशांनुसार सोसायटीच्या एकूण सभासदांपैकी ५१ टक्के लोकांच्या संमतीने पुनर्विकासाचा निर्णय होऊ शकतो. म्हणजे ज्या सभेला आजवर दहा माणसे जमण्याची मारामार होती, त्याच सभेत आता प्रत्येक कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठा व्यवहार ठरणार आहे.

अशा वेळी चर्चा होते ती बहुधा दोनच गोष्टींची : किती जादा चौरस फूट, आणि किती रोख रक्कम. अर्ध्या धड्याचाच हा परिणाम आहे. नव्या उंच इमारतीतील उद्वाहने, पंप, वाहनतळ यांचा मासिक खर्च निवृत्तिवेतनात बसेल काय? जमीन सोसायटीच्या नावे झाली आहे काय? बिल्डरने काम अर्धवट सोडले तर भाडे कोण भरील? सिंकिंग फंड पुन्हा पाव टक्क्यावरच ठेवायचा काय? आणि २०१९ सालीच सरकारने ज्या स्वयंपुनर्विकासाला उत्तेजन दिले, तो मार्ग आपल्या सभासदांना पेलण्यासारखा आहे की नाही, याचा निदान एकदा तरी हिशेब मांडून पाहावयास नको काय? हे प्रश्न विचारणाऱ्या सभासदाला ‘खोडा घालणारा’ म्हणून गप्प बसविण्याची प्रथा आहे. वस्तुतः तोच खरा व्यापारी असतो. कारण व्यापार म्हणजे केवळ नफ्याची आशा नव्हे, तोट्याची आगाऊ मोजदादही आहे.

घर पाहावे बांधून, असे पूर्वज म्हणत. त्यांना बांधण्याची दगदग अभिप्रेत होती. दहिसरच्या नोकरदार पिढीने घर बांधून पाहिले; ते चालवून पाहणे, जपून पाहणे आणि पुढच्याच्या हाती सुस्थितीत सोपविणे ही परीक्षा अद्याप व्हावयाची आहे. तिची तारीख येत्या सर्वसाधारण सभेच्या नोटिशीवर, जिन्याखालच्या फळ्यावर, लावलेली आहे. ती वाचण्यास थांबणारे किती, यावर उत्तर अवलंबून राहील.